आखूड कोट

"बाबांपुढे कॅन्सरचं नाव काढू नका, वार्दुही जान. अल्सर आहे म्हणा. गोळ्या घेतल्या की उतार पडेल म्हणा."

सेदाने तिचे दोन्ही हात धरून ठेवले होते. वॉर्डाबाहेर उभ्या उभ्या, आर्मेनियन भाषेत, अगदी घरातलं बोलावं तसं. "तुम्ही आपल्यातल्या. तुम्हाला वेगळं काय सांगायचं?"

खरंच सांगायची गरज नव्हती. आर्मेनियात ग्युम्री शहरातल्या इस्पितळात डॉक्टर असताना वार्दुहीने हेच तर केलं होतं. वाईट बातमी मुलाला किंवा भावाला जिन्यापाशी गाठून सांगायची आणि रोग्याच्या उशाशी हसत जायचं. तिकडे त्यालाच माया म्हणतात.

त्याच मायेने तिला इथे, अमेरिकेत, नापास केलं होतं. परीक्षेत एक बाई रोग्याचं सोंग घेऊन पलंगावर पडली होती, दुसरी तिची मुलगी होऊन खुर्चीत बसली होती. वार्दुहीने निदान बरोबर केलं आणि सवयीने मुलीला बाजूला घेऊन सांगितलं. पलंगावरची बाई नुसती बघत राहिली. आज तीच परीक्षा पुन्हा होती, या वेळी खऱ्या रोग्यापुढे. आज चुकली, तर शिक्षण इथेच थांबणार होतं.

आणि ते शिक्षण काही सहज मिळालेलं नव्हतं. अमेरिकेत आल्यावर डॉक्टरांच्या परीक्षा ती पास झाली, पण पुढच्या उमेदवारीसाठी एकाही इस्पितळाने जागा दिली नाही. वर्षं गेली. मग कुणीतरी फिजिशियन असिस्टंटची वाट दाखवली: डॉक्टरांच्या हाताखाली रोगी तपासायचे, औषधं लिहायची. वाट होती, पण जवळची नव्हती. आधीची डॉक्टरकी म्हणून एक तासही माफ नाही. कॉलेजात विशीतल्या पोरांशेजारी बसून पुन्हा हाडांची नावं, मग हा पूर्ण अभ्यासक्रम, मग देशपातळीवरची परीक्षा, मग परवाना. मांडीवर निजलेल्या लेकीच्या पाठीवर वही टेकवून तिने रसायनशास्त्र घोकलं होतं. सासूबाई म्हणायच्या, "अगं, आलेलंच काय शिकतेस?" ती म्हणायची, "आलेलं आहे हे त्यांना कळायला नको का?"

"तयार?" लोरेटा आली. स्वतः याच कामात केस पांढरे झालेली ही बाई आज तिला गुण देणार होती. बातमी सांगण्याचं काम खुद्द मोठ्या डॉक्टरांनी वार्दुहीवर सोपवलं होतं.

"मुलगी म्हणते, सांगू नका."

"मग काय करशील?"

"त्यांनाच विचारते."

सेदाचे बाबा, मिहरानकाका, उशीला टेकून बसले होते. लोरेटाला बोलणं कळावं म्हणून कोपऱ्यात पडद्यावर दुभाषी हजर होती. काकांनी वार्दुहीच्या कमरेपर्यंतच्या पांढऱ्या कोटाकडे पाहिलं.

"कापड कमी पडलं का गं पोरी?"

"शिकणाऱ्यांना आखूडच मिळतो, काका."

"या वयात शिकतेस?"

"ग्युम्रीत डॉक्टर होते. इथे डॉक्टरांची सहायक व्हायला शिकतेय."

"एकदा शिकून मिरवणारे पुष्कळ पाहिले," काका हळूच म्हणाले. "बस."

ती खुर्ची ओढून बसली. "काका, तपासणीचा निकाल आलाय. तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? सगळं, थोडं, की नकोच? की तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाला सांगू?"

"आजवर हे कुणी विचारलं नव्हतं." त्यांनी चादरीची घडी सारखी केली. "सगळं सांग. मलाच सांग."

तिने सांगितलं. कॅन्सर हा शब्द तिने गिळला नाही. तो कुठवर पसरलाय, काय करता येईल आणि काय नाही, तेही सांगितलं. ग्युम्रीत हा शब्द रोग्याच्या डोळ्यांत बघून तिने कधी उच्चारलाच नव्हता. काका रडले नाहीत. खिडकीकडे बघत म्हणाले, "सेदाला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. पोरीला आज रात्री तरी झोपू दे. उद्या मीच सांगेन."

"नाही सांगणार."

बाहेर आल्यावर लोरेटाने गुणपत्रकावर 'पास' लिहून सही केली. "मागच्या वेळी तू सांगून मोकळी झालीस. आज विचारलंस." मग म्हणाली, "मी असते, तर सांगताना अडखळले असते." आणि पुढच्या खोलीकडे निघून गेली.

सेदा सुपाचा डबा घेऊन धावत आली. "काय बोललात?"

"त्यांच्याशी बोलले. आत जा, सूप निवेल."

दार अर्धं उघडं राहिलं.

"बाबा, साधा अल्सर आहे म्हणे."

"तुझ्या लोणच्यांनी झालाय. केव्हाचा सांगतोय."

"माझ्या लोणच्यांना नावं ठेवायची नाहीत." सेदा हसली आणि चमचा भरून त्यांच्या ओठांशी नेला.

दोन्ही हात धड असूनही मिहरानकाकांनी तोंड उघडलं आणि लेकीला भरवू दिलं.