गप्प बसायचं बटण

शेवटी आत्याने बाबांना माफ केलं, आणि तेही माझ्या ऑफिसात, हातात चहाचा कप असताना.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही ते लिहिलेलं नाही. आत्या आणि बाबा एकमेकांशी बोलत नाहीत, मला कळायला लागल्यापासून बोलत नाहीत, आणि पुढे बोलतील अशी काही चिन्हंही नाहीत. इथून सुरुवात करू.

मी एका छोट्या कंपनीत कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी भूतकाळ लिहितो. म्हणजे खेळातल्या एखाद्या खोलीत फुटकी बरणी दिसली, की ती कोणी फोडली, का फोडली आणि आळ कोणावर आला, हे मी ठरवतो. खेळणाऱ्याने ते खणून काढायचं. काम सोपं आहे. एखादा भूतकाळ जमला नाही तर मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत दुसरा लिहून देतो. बरणीची त्यावर काही तक्रार नसते. आई लोकांना सांगते की मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे. कुठपर्यंत आत गेलाय, ते कोणी विचारत नाही.

आमच्या कंपनीत मॅडम आहेत, त्या मालकीण. आणि दारवाला आहे. तो खेळातली दारं बनवतो. फक्त दारं. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येतं, पण खेळात डोंगर उभा करणं सोपं आणि दार उघडणं महाकठीण. दार आत उघडतं की बाहेर, अर्ध्यात कोणी आडवं आलं तर काय, मागे कोणी चेंगरलं तर जबाबदार कोण, असे शंभर प्रश्न. दारवाल्याला सगळ्यांची उत्तरं लागतात. त्याच्या लग्नात म्हणे सगळे फोटोसाठी उभे होते आणि हा हॉलच्या दाराची बिजागरी बघत होता.

तर मॅडमना नवीन खेळ हवा होता. दोघांनी मिळून खेळायचा, एक घर, एक जुनं भांडण, खरं काय झालं ते शोधा. गोष्ट सोमवारी द्यायची होती आणि माझं डोकं रिकामं होतं. रिकाम्या डोक्याचा माणूस जे करतो ते मी केलं. घरची गोष्ट उचलली.

घरची गोष्ट अशी. आजोबांचा फोटो स्टुडिओ होता. सगळे त्यांना अण्णा म्हणत, त्यांची मुलंसुद्धा. स्टुडिओच्या मागे डार्करूम. तिला दोन कड्या. आतली कडी अशासाठी, की फिल्म धुताना कोणी दार उघडून उजेड आत सोडू नये. बाहेरची अशासाठी, की लहान मुलांनी आत जाऊन फिल्म धुवायचं रसायन पिऊ नये. आत्या मोठी, बाबा धाकटे. आत्याला फोटोग्राफर व्हायचं होतं. बाबांना हळू सायकल चालवायची होती.

हळू सायकलची स्पर्धा असते. जो सगळ्यात शेवटी पोचतो तो जिंकतो, आणि ज्याचा पाय टेकला तो बाद. आमचे बाबा त्या भागातले सर्वांत मंद सायकलस्वार होते. हे घरात अभिमानाने सांगितलं जातं. ते मैदानात उतरले की लोक घरी जाऊन जेवून यायचे.

मोठ्या स्पर्धेच्या दिवशी बाबा सकाळी एक फिल्म वाळत घालायला म्हणून डार्करूममध्ये गेले, ते स्पर्धा संपल्यावरच बाहेर आले. बाबांचं म्हणणं, आत्याने बाहेरून कडी लावली. आत्याचं म्हणणं, कडी आतून होती आणि ती बाहेर उभी राहून त्याला हाका मारत होती. अण्णा त्या वेळी मैदानात पंच म्हणून उभे होते. संध्याकाळी घरी आले तर बाबा रडत होते आणि आत्या रडत नव्हती. अण्णांना एवढा पुरावा पुरला. त्यांनी आत्याच्या हातातला कॅमेरा काढून घेतला आणि तिला डार्करूमचा उंबरा कायमचा बंद केला.

आत्या पुढे हॉस्पिटलात एक्स-रे काढायला लागली. बाहेरचे फोटो काढू दिले नाहीत म्हणून मग लोकांचे आतले काढते, असं ती म्हणते. म्हणताना हसते, पण तेवढंच.

ही गोष्ट मी मॅडमना दिली. हळू सायकलीत थरार नाही असं मॅडमचं मत पडलं, म्हणून खेळात तिची जागतिक मोटार शर्यत झाली. स्टुडिओचा बंगला झाला. बहिणीला काळे हातमोजे मिळाले. बहिणीने कडी लावली, हे बाबांकडून ऐकत आलो तसंच ठेवलं. मग दारवाला माझ्या टेबलाशी आला आणि त्याने विचारलं, की डार्करूमची कडी नक्की कुठल्या बाजूला लावलेली होती. मी म्हटलं, त्यावर दोन मतं आहेत. तो म्हणाला, "दाराला मत नसतं. मला एक बाजू सांग."

बाबांना विचारलं. पेपरमधून डोकं न काढता ते म्हणाले, बाहेरून. मग मी हॉस्पिटलात जाऊन आत्याला विचारलं. तिच्या हातात कोणाच्या तरी बरगड्या होत्या, उजेडावर धरलेल्या. आतून, असं म्हणून तिने विचारलं, आज अचानक कशाला हवंय. मी खोटं बोलू शकलो असतो, पण समोर माणूस इतका पारदर्शक असताना ते जमेना. मी सगळं सांगितलं. हातमोज्यांसकट.

आत्याने बरगड्या खाली ठेवल्या.

"इतके दिवस घरातल्यांना वाटत होतं, मी लावली," ती म्हणाली. "आता परक्या लोकांना वाटणार. तेही पैसे देऊन."

मी म्हटलं, आत्या, खेळ आहे तो. ती म्हणाली, असू दे. ते दार नीट कर, नाहीतर तुझं हाड मोडलं तर माझ्याकडे येऊ नकोस. मी दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणाली, "मला फोटो धुवायला फार आवडायचे रे. कागदावर चेहरा हळूहळू वर येतो ना, ते." आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

ऑफिसात येऊन मी मॅडमना सांगितलं की खलनायिका नाराज आहे. मॅडमनी दोन्ही कड्या ठेवायला सांगितल्या, कोण कुठली लावतं ते खेळणाऱ्यांवर सोडा म्हणाल्या. दारवाल्याने दिवसभर सगळ्यांशी बोलणं सोडलं, एका दाराला दोन कड्या हा त्याला व्यक्तिगत अपमान वाटत होता, पण बनवलं त्याने. मग आली चाचणी. आमच्याकडे पहिली चाचणी लिहिणाऱ्याच्या घरच्यांवर होते. ती माणसं फुकट मिळतात, आणि तुमचं काम वाईट आहे हे सांगताना त्यांना मुळीच संकोच वाटत नाही. मॅडम म्हणाल्या, दोघं लागतील. कोण दोघं, तेही त्यांनीच ठरवलं.

बाबांना मी सांगितलं, आत्या येणार नाहीये. आत्याला सांगितलं, बाबा येणार नाहीयेत. दोघं आमच्या जिन्यावर एकमेकांना भेटले. एवढं झाल्यावर मागे फिरणं म्हणजे हार, म्हणून दोघं वर आले आणि पडद्यासमोरच्या सोफ्यावर बसले. सोफा दोन माणसांचा आहे. मी मध्ये बसलो.

"तुझ्या बापाला सांग, माझ्या पायावर पाय आहे त्याचा," आत्या म्हणाली.

"तिला विचार, खेळातल्या की खऱ्या," बाबा म्हणाले.

खऱ्या पायावर होता. तो निघाला. दारवाल्याने दोघांच्या हातात एकेक कंट्रोलर दिला, कुठलं बटण कशाला ते समजावलं आणि मागे जाऊन उभा राहिला. बाबा भाऊ झाले, आत्या बहीण. बाबांचा भाऊ पहिल्यांदा भिंतीत चालत गेला, मग कपाटात, मग एकदाचा डार्करूममध्ये. लाल दिवा लागला. बाबांनी काही विचार न करता बटण दाबून आतली कडी लावली. डार्करूमचा पहिला नियम, इतक्या वर्षांनीही हातात होता. नियम आत्यालाही माहीत होता.

कड्या दोन झाल्या तरी पुढची गोष्ट मी बदललेली नव्हती, त्यामुळे ती पुढे सरकायची तर बहिणीने बाहेरची कडी लावायला हवी होती. पडद्यावर तसं बटण लुकलुकत होतं. आत्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि हाताची घडी घातली.

"मी नाही लावणार."

मॅडम म्हणाल्या, ताई, खेळ पुढे जाणार नाही. आत्या म्हणाली, नाही गेला तर राहू दे, मला घाई नाही. पडद्यावरची काळ्या हातमोज्यांची बाई ओसाड बोळात उभी राहिली. बराच वेळ गेला. शेजारच्या ऑफिसातला एक माणूस स्टेपलर मागायला आला आणि तोही बघत थांबला. हळू सायकलची स्पर्धा चाललीय असं वाटायला लागलं.

मग आत्याने कंट्रोलर उचलला, आपली बाई दारापाशी नेली आणि ठोठावायचं बटण दाबायला लागली. दाबतच राहिली. ती त्या दिवशी तेच करत होती असं तिचं म्हणणं होतं, आणि इथे ते करायला कोणाची परवानगी लागत नव्हती. आत लाल उजेडात बाबांचा भाऊ उभा होता. मी त्याला एक वाक्य लिहून दिलं होतं, ते तो आपोआप बोलत होता. "सोडवा मला. कोणीतरी सोडवा."

बाबा अस्वस्थ झाले. त्यांनी एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. भावाने उडी मारली, मग खाली बसला, मग परत ओरडला.

"हा बोंबलतोय कशाला?" बाबा वैतागून म्हणाले. "ती बाहेरून दार बडवतेय. हा ओरडला तर हा आत आहे हे कळेल ना तिला. याचं गप्प बसायचं बटण कुठलंय?"

स्टेपलरवाला हळूच निघून गेला. स्टेपलर न घेता.

मला पहिल्यांदा वाटलं, आपल्याला काहीतरी भलतंच ऐकू आलं. मग मी आत्याकडे बघितलं. तिचं बोट बटणावर तसंच होतं, पण दाबत नव्हती.

"तसं बटण नाहीये काका," दारवाला मागून म्हणाला. त्याला वातावरण वगैरे कधीच कळत नाही. "पण हवं असेल तर करता येईल."

बाबांनी कंट्रोलर टीपॉयवर ठेवला. नीट, टीपॉयच्या कडेला समांतर. मग त्यांनी माझ्याकडे न बघता, मला न सांगता, माझ्यावरून वाकून म्हटलं, "ताई."

मी उठलो. सोफा दोन माणसांचाच आहे.

मग जे निघालं ते असं. स्पर्धेत बाहेरगावचा एक नवीन माणूस उतरला होता. लोक त्याला पुतळा म्हणायचे. बाबांनी आदल्या दिवशी झाडामागून त्याचा सराव बघितला होता.

"त्याची सायकल पुढे जातच नव्हती ताई," बाबा म्हणाले. "मधेच त्याला शिंक आली. तरी हलला नाही. मी हरलो असतो. अण्णांसमोर, सगळ्यांसमोर. म्हणून मी कडी लावून बसलो. तू हाका मारत होतीस तेव्हा मी फिल्म धुवायच्या टबामागे बसलो होतो."

आत्याने विचारलं, आणि नंतर? नंतर का नाही बोललास?

बाबा म्हणाले, संध्याकाळी सांगणारच होतो. पण अण्णांनी तिचा कॅमेरा काढून घेतला, आणि त्याबरोबर ती गोष्ट एवढी मोठी झाली की तोंडातून बाहेरच निघेना. रोज वाटायचं, उद्या जरा लहान होईल. झाली नाही.

मॅडमनी मला डोळ्यांनी चहा आणायला पिटाळलं. मी चहा आणला. आत्याने कप घेतला, एक घोट प्यायली.

"साखर कमी आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "केलं माफ. मला वाटलं होतं ऐकल्यावर खूप काहीतरी होईल. काही नाही झालं. हलकं वाटतंय फक्त, आणि तुझा राग येतोय, तो राहील थोडे दिवस."

बाबा म्हणाले, राहू दे की, घाई नाही.

हे तुम्ही आता वाचलं. वर वाचलं नव्हतं.

खेळाचं म्हणाल तर मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला दुसऱ्या दिवशी उशिरा यायची सवलत दिली. बहिणीचे हातमोजे काढले. जागतिक मोटार शर्यत रद्द होऊन हळू सायकल आली, पुतळाही आला, शिंकेसकट. दारवाल्याने गप्प बसायचं बटण बनवलं. ते दाबलं की भाऊ टबामागे बसतो आणि दार त्याच्याकडे बघत राहतं. दार बघतं कसं, ते दारवाल्यालाच ठाऊक, पण बघतं.

बाबांचं मात्र समाधान होईना. आत्याने माफ केलं, ते तिचं झालं, पण बंदी घातली होती अण्णांनी, आणि ती अजून कोणी उठवलेली नाही, असं त्यांच्या डोक्यात बसलं. बाबांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली. त्यांना मन मोकळं करता येत नाही, पण अर्ज उत्तम करता येतो. रविवारी त्यांनी आत्याला घरी जेवायला बोलावलं, पानं वाढायच्या आधी चष्मा लावला, आणि उभं राहून अण्णांच्या नावाने केलेला अर्ज वाचून दाखवला. अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली आहेत आणि स्टुडिओच्या जागी आता चष्म्यांचं दुकान आहे, याची आम्ही त्यांना आठवण करून दिली नाही. आत्या पदर तोंडाला लावून ऐकत होती, हसत होती की काय ते कळत नव्हतं.

"प्रति, कै. अण्णा, मालक, फोटो स्टुडिओ. विषय: डार्करूममधील प्रवेशबंदी उठवणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, सदर दिवशी कडी आतून लावण्यात आली होती व ती खाली सही करणाऱ्यानेच लावली होती. सबब, माझ्या थोरल्या बहिणीवर घातलेली बंदी घातल्या दिवसापासूनच रद्द समजण्यात यावी, जप्त केलेला कॅमेरा तिला फिल्मसह परत करण्यात यावा, आणि सदर डार्करूम सध्या अस्तित्वात नसल्यास ती लाल दिवा व दोन्ही कड्यांसह पूर्ववत उभारून आजच्या आज तिच्या ताब्यात देण्यात यावी, ही नम्र विनंती."