दाजींचा टोन

"माझ्या केबलला हात कोणी लावला?"

अँपमागे उकिडवे बसलेल्या दाजींनी मान वर करून विचारलं, तसे स्टेजवरचे तिघेही एकदम कामाला लागले. ड्रम वाजवणारा पहिलवान झांजेचा स्क्रू पिळू लागला. कीबोर्डवाले मास्तर चष्मा पुसू लागले. आणि दाजींचा मेहुणा, म्हणजे बँडचा मालक, गायक आणि गिटारवाला सगळं एकटाच, माइकमध्ये "हॅलो, चेक, चेक" करत सुटला.

"कोणी नाही लावला हो, दाजी," शेवटी मेहुणा म्हणाला. "तुम्हीच आत्ता जोडलीत की."

"मी जोडली तेव्हा तिचा वेढा उजवीकडून होता."

"केबलच्या वेढ्याला डावं-उजवं असतं?"

"शहाण्या माणसाच्या केबलला असतं."

मेहुण्याच्या नात्यामुळे ते अख्ख्या बँडचे दाजी झाले होते. त्यांच्याहून वयाने मोठा असलेला पहिलवानही त्यांना दाजीच म्हणायचा. आठवडाभर टाइल्सच्या दुकानात गिऱ्हाइकांना फरशा दाखवायच्या आणि रविवारी दुपारी या क्लबच्या हॉलमध्ये, जेवायला आलेल्या कुटुंबांसमोर बेस गिटार वाजवायची, हे त्यांचं आयुष्य. बेस म्हणजे नेमकं काय हो, असं दुकानात कोणी विचारलं की ते म्हणायचे, "फरशीखालचं सिमेंट. दिसत नाही. नसलं की कळतं." आणि मग गिऱ्हाइकाच्या गळ्यात सिमेंटही मारायचे.

गेल्या वर्षी दाजींना अर्धांगवायूचा झटका आला. हलकाच होता, दैव बलवत्तर. उजवा हात काही दिवस मुठीसारखा मिटलेला राहिला, मग उघडला. शर्टाची बटणं लागू लागली, चहाचा कप न सांडता तोंडाशी जाऊ लागला, आणि दाजी परत स्टेजवर उभे राहिले. सगळं पूर्वीसारखं झालं. फक्त टोन गेला.

आता टोन म्हणजे काय हे कोणाला शब्दांत सांगता आलंय? पूर्वी दाजींनी जाड तार छेडली की पुढच्या टेबलावरचे चमचे किणकिणायचे आणि आज्जीबाईंच्या मानासुद्धा आपोआप हलायच्या. आता हॉलमधून कानावर येणारा बेस त्यांना परका वाटायचा. वाईट नाही, पण परका. इस्त्री केलेल्या कपड्यासारखा गुळगुळीत, आणि घामाचा वास नसलेला.

मग शोध सुरू झाला. पहिला संशय तारांवर. त्या दाजींनी चहाच्या पातेल्यात उकळून काढल्या, कारण उकळलं की मळ सुटतो आणि तार पुन्हा बोलते, असं जुने वाजवणारे सांगतात. तारा बोलल्या, पण हॉलमध्ये ती गोष्ट पोचली नाही. मग गिटारमधली बॅटरी बदलली. मग तारांखालचा, त्यांचा आवाज पकडणारा पिकअप खोलून एक केसभर वर घेतला. अँप स्टेजच्या पोकळ लाकडावर घुमतो असं वाटलं, म्हणून दुकानातली जाडजूड फरशी आणून त्याच्या बुडाखाली घातली. काही उपयोग झाला नाही. वर हल्ली पहिलवान ताल पळवतोय, हा दाजींचा दुसरा वहीम. मास्तर पळतात, मेहुणा पळतो, सगळेच कुठे गाडी पकडायची असल्यासारखे पळतात.

वस्तू संपल्या, तशी संशयाची गाडी माणसांवर आली. कारण माणसं फार गोड वागत होती. पूर्वी चुकलं की मेहुणा स्टेजवरच डोळे वटारायचा, आता प्रत्येक कार्यक्रमानंतर "वा दाजी, काय टोन आलाय!" म्हणायचा, आणि म्हणताना बघायचा बुटांकडे. घरी तर कहर. ज्या बायकोने आयुष्यभर "आणखी एक वायर? गळफास लावायचाय का घराला?" असं खडसावलं, ती आता नवीन तारांचं पाकीट बघून म्हणायची, "छान आहेत हो. घ्या अजून." रविवारी दुपारी दार उघडताच तिचा प्रश्न ठरलेला: "कसा आला टोन?" बायको खर्चावर बोलत नाही म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं न कळायला दाजी काही दुधखुळे नव्हते.

त्या रविवारी साउंड चेकला त्यांनी लांबच्या लांब केबल जोडली आणि वाजवत वाजवत पायऱ्या उतरून थेट हॉलच्या मध्यभागी गेले. त्यांच्या गिटारमधून निघालेला आवाज दोन वाटांनी जायचा. एक वायर पाठीमागच्या अँपला, म्हणजे दाजींच्या स्वतःच्या कानांसाठी. दुसरी हॉलच्या टोकाला मिक्सरवर बसलेल्या साउंडवाल्याकडे, आणि तिथून मोठ्या स्पीकरमधून लोकांपर्यंत. साउंडवाल्याला सगळे कानसेन म्हणायचे. बोलायचा कमी, पण माशी शिंकली तरी त्याला कळायचं.

मोठ्या स्पीकरसमोर उभं राहून दाजींनी जाड तार छेडली. चमचे किणकिणले!

"अरे, हा तर माझाच टोन!" दाजी ओरडले. "काय रे कानसेन, हा इथे आत्ता असतो, मग कार्यक्रमात जातो कुठे?"

"लोक आले की हॉल आवाज खातो, दाजी," कानसेन म्हणाला.

"लोक जेवण खायला येतात की आवाज?"

स्टेजवर पहिलवान हसला. गरजेपेक्षा जरा जास्तच हसला. दाजींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच.

कार्यक्रम सुरू झाला. दुसऱ्या गाण्यात दाजींनी एक सूर छेडला आणि लगेच तळवा टेकवून तार बंद केली. बेसवाल्याची अर्धी कला सूर थांबवण्यात असते. तार गप्प, अँप गप्प. पण हॉलमधला सूर चालूच राहिला, सावकाश, ऐटीत, आणि मग आपल्या मर्जीने संपला. हॉलचा घुमारा असेल, दाजींनी स्वतःला समजावलं. पुढच्या वेळी तार मुद्दाम आणखी लवकर दाबली. हॉलने ऐकलं नाही.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि कपाळ पुसायला लागले. दोन्ही हात कपाळाशी. गिटार पट्ट्यावर नुसतीच लोंबकळत होती.

हॉलमध्ये बेस वाजत होता.

एकही ठोका न चुकता वाजत होता. पुढच्या टेबलावरचा एक गृहस्थ त्याच्यावर मान डोलावत होता. दाजींनी हळूच डावीकडे पाहिलं. मास्तरांचा उजवा हात नेहमीसारखा वरच्या पट्ट्यांवर होता, आणि डावा पार खाली, जाड सुरांवर, चोरपावलांनी चालत होता. मास्तरांनी वर पाहिलं नाही. पहिलवानाने झांजेत डोळे घातले. मेहुणा गाता गाता एक शब्द विसरला. खाई त्याला खवखवे.

दाजींनी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि गिटारवर हात ठेवले. गाणं संपेपर्यंत बोटं हलवली. दुसरं काय करणार? तोंड मात्र असं तापलं होतं की वाटावं सगळा हॉल आपल्याकडेच बघतोय. खरं तर कोणीच बघत नव्हतं. लोक जेवत होते.

मध्यंतर झालं तसे दाजी सरळ मिक्सरपाशी गेले.

"माझी वायर बंद आहे?"

कानसेनने हेडफोन गळ्यात उतरवला. "दाजी, पाणी घ्या आधी."

"पाणी गेलं खड्ड्यात. बंद आहे का, सांग."

"साउंड चेकला उघडतो. कार्यक्रमात बंद करतो."

"मेहुण्याने सांगितलं?"

"तुम्ही बरे होऊन आलात ना, त्या पहिल्या रविवारी तुमच्या घरून ताई आल्या होत्या ऐकायला. इथे, माझ्या शेजारी उभ्या होत्या." कानसेन एकेक शब्द तोलून टाकत होता. "तुमचा हात उशिरा पडतो, दाजी. थोडासाच. पण प्रत्येक ठोक्याला. मेहुणे म्हणाले, दाजींना काही दिवस घरी बसवू. ताई म्हणाल्या, बसवलंस तर तो माणूस परत उठायचा नाही."

दाजी बाजूच्या खुर्चीवर बसले. पहिलवान पळत नव्हता तर. मास्तर पळत नव्हते. सगळं जग जिथल्या तिथे होतं आणि मागे पडत होते ते एकटे दाजी, आणि वरून उकळत होते तारा!

"म्हणजे मी काय तिथे बुजगावणं म्हणून उभा होतो? शेतात तरी कावळे घाबरतात रे."

"एक सांगू? रागावणार नसाल तर." कानसेनने हेडफोनवर हात फिरवला. "हॉलला बंद असली तरी ह्याच्यात मला तुमची वायर ऐकता येते. मी दर रविवारी ऐकतो. तारा उकळल्यात तेही कळलं, फरशी घातलीत तेही कळलं. टोन खरंच आलाय, दाजी. पूर्वीपेक्षा बरा. फक्त तो मी एकटाच ऐकतो."

दाजींचे डोळे भरून आले. ते पुसायला रुमाल काढायची त्यांना शरम वाटली, मघाशी तोच रुमाल वैरी झाला होता.

"शेवटच्या गाण्याला उघडशील?"

"मेहुणे ओरडतील."

"ओरडू दे. गाणाराच आहे तो, ओरडणं हेच काम आहे त्याचं."

शेवटचं गाणं संथ होतं. दाजींनी नेहमीचं सगळं नक्षीकाम बाजूला ठेवलं. तालाच्या प्रत्येक फेऱ्याचा फक्त पहिला ठोका घ्यायचा, एवढंच ठरवलं. हात उशिरा पोचतो ना, मग लवकर निघायचं. म्हातारी माणसं बस पकडायला निघतात तसं.

पहिला सूर पडला आणि पुढच्या टेबलावरचे चमचे किणकिणले. मास्तरांनी चमकून दाजींकडे पाहिलं. दुसरा सूर पडला. मास्तरांनी डावा हात पट्ट्यांवरून उचलला आणि मांडीवर ठेवून दिला, वर्गात मुलं ठेवतात तसा. मेहुण्याने मागे वळून पाहिलं, पण गाणं थांबवलं नाही. दाजी दोनदा मागे पडले. पहिलवानाने तेवढ्यापुरता ताल धरून ठेवला आणि वाट पाहिली. कोणाच्याही लक्षात आलं नाही. मान डोलावणारा गृहस्थ तेवढा डोलायचा थांबला आणि समोर पाहू लागला.

टाळ्या झाल्या. मेहुणा घाईघाईने जवळ आला. "दाजी, ऐका ना, मी तुम्हाला..."

"पुढच्या रविवारी मी येत नाही," दाजी केबल गुंडाळत म्हणाले. "वायर उघडी ठेवायची असेल तेव्हा बोलाव. आणि ती फरशी राहू दे अँपखाली. चांगली आहे."

घरी पोचले तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. बायकोने बेल वाजायच्या आधीच दार उघडलं. हातात फोन होता आणि नाक लाल झालेलं होतं. भावाने बातमी पोचवली होती, हे सांगायला ज्योतिषी नको होता. तरी तिने विचारलंच, "कसा आला टोन?"

एरवी दाजींनी उलटतपासणी घेतली असती. तोंडाशी आलेलं सगळं त्यांनी गिळलं. त्यांना तिचा रागही आला होता आणि दयाही, आणि त्या दोन्हींत डावं-उजवं करता येईना. ते आत आले, पलंगावर बसले आणि गिटार बाहेर काढली. वायर नाही, अँप नाही. अशी वाजवली तर शेजारी बसलेल्या माणसालाच ऐकू येते, तीही कान दिला तर.

"बस इथे," ते म्हणाले. "टाळ्या दे. एका चालीत. मी उशिरा आलो की सांगायचं."

"अहो, राहू द्या ना आज."

"आणि खोटं बोलायचं नाही. पुष्कळ झालं."

ती पदराने नाक पुसून शेजारी बसली. टाळी दिली. दाजींनी तार छेडली.

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"सांग की."

"उशीर," ती म्हणाली.

"दे टाळी."

तिने टाळी दिली.

"उशीर."

दाजींनी मान हलवली, हात तारेवरून उचलून जरा जवळ धरला, आणि ते पुढच्या टाळीची वाट पाहू लागले.