नळीतलं मीठ

व्हर्ना डुबिकने रायफलचा बोल्ट काढला, नळी उजेडाकडे धरून आत डोळा लावला आणि तिचं डोकंच फिरलं. आत लख्ख चकाकी असायला हवी होती, आणि होता गंज. पुसून जाईल असा तांबूस डागही नव्हे. देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडले होते.

"लॉइड!" तिची हाक चांदमारीच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू गेली असेल. "इकडे ये. आत्ताच्या आत्ता ये."

नेमबाजी क्लबची जुन्या लष्करी रायफलींची वार्षिक स्पर्धा होती त्या दिवशी. तिचे वडील अँडी डुबिक, मुलांचे पॉप, याच रायफलने एकतीस वर्षं तीत उतरले होते. मार्चमध्ये ते गेले, आणि मे महिन्यात त्यांच्या जागी मुलगी उभी राहणार होती. रायफल होती भावाकडे, लॉइडकडे, कारण वडिलांच्या घरात तोच राहत होता. सकाळी ट्रकमधून आणून त्याने ती तिच्या हातात दिली होती.

लॉइड आला. नळीकडे न बघताच बुटांकडे बघत उभा राहिला.

"गेल्या आठवड्यात उडवल्या मी थोड्या गोळ्या," तो म्हणाला. "तळघरातली पॉपची जुनी काडतुसं होती ना, त्यातली साठेक."

"त्रेचाळीस सालची? आणि मग साफ कशी केलीस?"

"तेल घातलं की चांगलं."

"तेल!"

आजूबाजूच्या चार-पाच जणांनी माना वळवल्या. पेनसिल्व्हेनियाच्या त्या खोऱ्यात बाकी काही येत नसलं तरी एवढं सगळ्यांना येतं. महायुद्धाच्या वेळच्या काडतुसांच्या बुडाशी ठिणगी पाडणारा जो प्रायमर असतो, त्यातून नळीत मीठ उतरतं, ते लोखंड खातं, आणि तेलाने ते हटत नाही, उलट तेलाखाली निवांत बसून खात राहतं. त्याला लागतं उकळतं पाणी. म्हणून क्लबच्या स्टोव्हवर दिवसभर किटली असते, आणि जुना माल उडवणारा नळीतून तीन किटल्या ओतल्याशिवाय घरी जात नाही. हा नियम अँडी डुबिकनेच घातलेला. तो मोडणाऱ्याला म्हातारा पार्किंगपर्यंत शिव्या देत जायचा.

"त्यांच्याच पोटचा ना तू?" व्हर्ना ओरडली. "चाळीस वर्षं त्यांच्याबरोबर राहिलास आणि पाणी ओतायची अक्कल आली नाही? अंड्यावर मीठ घालायचं तेवढं कळतं तुला!"

किटली सांभाळणारा यूहास मध्ये पडला. "जाऊ दे गं. नळी बदलून मिळते."

"मिळते? मग भाऊपण बदलून आण."

 लॉइड नुसता बुटाने खडी उकरत राहिला, आणि त्यामुळे तिचा संताप आणखीच वाढला. भांडायला समोर कोणी तरी हवं ना! तिने स्पर्धेतून नाव काढून घेतलं.

"रिकाम्या पुंगळ्या तरी ठेवल्यास की त्याही उकिरड्यावर टाकल्यास?"

त्याने ट्रकमधून कॉफीचा डबा आणून दिला. रिकामी काडतुसं नव्याने भरायचं काम व्हर्नाचं, वडिलांनी शिकवलेलं. लॉइडने कधी त्याला हातही लावला नव्हता.

खरं तर तिचा राग त्या नळीपेक्षा जुना होता. ऑक्टोबरमध्ये वडिलांनी तिला चोर म्हटलं होतं, तेही लॉइडच्या देखत. प्रायमरची एक पेटी सापडत नव्हती, तर म्हणे व्हर्नानेच नेली. छप्पन्न वर्षांच्या मुलीला चोर! ती तडक उठली ती परत त्या घरी गेलीच नाही. माफी मागतील तेव्हा जाईन, म्हणाली. म्हाताऱ्याने माफी मागितली नाही, आणि ती गेली ती थेट अंत्यविधीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये तिने डबा ओतला आणि कामाला बसली. लष्करी पुंगळ्यांत प्रायमर कडेने ठोकून पक्का केलेला असतो. तो सुईने आतून रेटून काढावा लागतो. पहिलाच निघाला आणि तिचा हात थांबला. तिने पुंगळी नाकाशी धरली. जळलेल्या दारूचा वास नाही. तोंडाशी आतून हिरवी पुटं चढली होती. दुसरी तशीच. तिसरी तशीच. आठवड्यापूर्वी उडवलेलं पितळ असं दिसत नाही. याला सहा महिने तरी झाले होते.

सहा महिन्यांपूर्वी वडील जिवंत होते, आणि रायफलला ते कोणाला हात लावू देत नसत.

लॉइड वडिलांच्या घरी, स्वयंपाकघरात कोबी आणि शेवया परतत होता. तिने डबा टेबलावर आदळला.

"खोटं का बोललास?"

त्याने गॅस बंद केला. 

"नोव्हेंबरात उडवल्या त्यांनी, गोठ्यामागे," तो म्हणाला. "मग नळीत तेल ओतलं, आत आले आणि मला विचारलं, तुझी आई जेवायला कधी वाढणार आहे."

आई जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"तेल? पॉपनी?"

"पॉपनी. क्लबात लोकांना हे कळलं असतं तर? त्यापेक्षा मी गाढव ठरलेलो बरा. तसाही मी आहेच."

व्हर्नाने खुर्ची ओढली, पण ती बसली नाही. "आणि ती प्रायमरची पेटी?"

"फ्रीझरमध्ये होती. मटारांच्या खाली. डिसेंबरात सापडली मला."

"डिसेंबरात!" तिचा आवाज चिरकला. "ते मार्चमध्ये गेले, लॉइड! तीन महिने तुला माहीत होतं की त्यांचं डोकं ठिकाणावर नाही, मी चोर नाही, आणि तू मला एक फोन केला नाहीस?"

"त्यांनी शपथ घातली होती. व्हर्नाला कळलं तर ती बंदुका काढून नेईल, म्हणाले."

"नेल्याच असत्या! नेल्या असत्या आणि रोज इथे येऊन बसले असते! मी तिकडे माफीची वाट बघत बसले, मूर्खासारखी. माणूस आजारी आहे एवढं सांगायला तुझी जीभ झडली होती?"

तिला त्याला मारावंसं वाटत होतं. त्याहून जास्त स्वतःला. लॉइड सिंकला टेकून उभा होता आणि त्याचे डोळे भरून आले होते, पण तिला त्याची जराही दया आली नाही.

"माझं नाव तरी काढायचे का?"

"दर रविवारी. व्हर्ना आली का म्हणून विचारायचे."

"आणि तू काय सांगायचास?"

"सांगायचो, आत्ताच येऊन गेली. तुम्ही झोपला होतात."

"आणि त्यांना खरं वाटायचं?"

"वाटायचं," लॉइड म्हणाला. "रागवायचे माझ्यावर. म्हणायचे, मग मला उठवलं का नाहीस?"