उत्तरेश्वर महाराजांची शाल आणि मिसळीचं फंक्शन

बिबवेवाडीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यात चपलांचा असा डोंगर, की खालच्या न्हाव्याला वाटलं, वर फुकट जेवण आहे. कंपनी मार्केट यार्डातल्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर करणारी. पण आज लॅपटॉपला हळदकुंकू आणि समोर उत्तरेश्वर महाराज. कोड न वाचता त्याच्या पोटातलं सांगणारे!

"लाखभर ओळी! वाचतो तो अडाणी. मला दिसतात," असं म्हणत महाराजांनी लॅपटॉपसकट रेशमी शाल डोक्यावरून ओढून घेतली.

त्यांना कंपनीत आणलं होतं इथल्याच प्रोग्रामर चैतालीनं. काल पहिल्याच दर्शनात शालीखालून आवाज आला होता, "फंक्शनं चारशे बारा!" फंक्शन म्हणजे प्रोग्रामनं करायचं एकेक काम. बावीस वर्षं तो कोड सांभाळणाऱ्या मैनुद्दीनचाचांच्या वहीत मात्र चारशे नऊच. "चाचांनी तीन गाळली," चैतालीनंच मालकांना, तात्यारावांना, सांगितलं. तात्याराव म्हणाले, "मग शनिवार त्यांचा शेवटचा."

आज सकाळी चाचांनी वही तिच्या हाती दिली. "बेटा, ती तीन जुनी झाली म्हणून मीच बंद केली. कॉमेंटमध्ये टाकलीत. कॉम्प्युटर तिकडे ढुंकूनही बघत नाही. मला विचारायचंस तरी."

ते तिला लागलं. गर्दी जमायच्या आत तिनं फाइल उघडून कॉमेंटमध्ये एक ओळ गुपचूप घातली.

"चारशे तेरा!" आता शाल गरजली.

"काल चारशे बारा होती ना?" तात्याराव चमकले.

"कोड सजीव आहे, तात्याराव. रात्रीतून वाढतो."

"नवीन कोणतं, महाराज?" चैतालीनं विचारलं.

"मिसळ_वाढा! हाच या प्रोग्रामचा प्राण!"

मागून कोणीतरी म्हणालं, "पाव वेगळा घ्यायचा का?"

चैतालीनं शाल ओढली. पडद्यावर कंस, चांदण्या आणि फुल्यांची एकच ओळ, खाली नावांची लांबलचक यादी. महाराज ती बघून वाचत होते!

"याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात," ती म्हणाली. "एक शब्द, दुसरा शब्द, कंस, मग महिरपी कंस, असा आकार दिसला की नाव उचलायचं. यार्डातली चाळणी असते ना, तशी. तिला खडा कळत नाही, आकार कळतो. म्हणून बंद केलेली तीनही उचलली आणि सकाळी मी कॉमेंटमध्ये घातलेली मिसळही."

"श्रद्धा नसेल तर विद्या फळत नाही!" महाराज लॅपटॉप सोडून चपला शोधू लागले.

"श्रद्धा होती हो," चैतालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्याच श्रद्धेनं तुम्ही चाचांची नोकरी घेत होतात."

"चाळणी वाईट नाही," दारात उभे असलेले चाचा म्हणाले. "मीही रोज वापरतो. मग जे निघेल ते बसून वाचतो."

तात्याराव खाली बघत म्हणाले, "मैनुद्दीनभाई, शनिवारचं विसरा."

"तुम्ही विसरा," चाचा म्हणाले. "मला जमायला वेळ लागेल." चैतालीच्या हातातली वही त्यांनी घेतली आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. दिवसभर ते तिच्याशी बोलले नाहीत.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी शाल उचलून बघा. आणि कुणाच्या पोटावर पाय देण्याआधी, निदान त्या माणसाला एकदा विचारा.