अ‍ॅक्सिडेंटली

कारखान्यातलं पत्रा कापायचं प्रेस खाली आलं आणि तिच्या धाकट्या भावाची चार बोटं पत्र्यासोबत कापली गेली. त्याला दवाखान्यात नेलं. तासाभरात रक्त पुसून प्रेस पुन्हा चालू, आणि फोरमन इंग्रजीतला कागद घेऊन तिच्यापुढे हजर. शेजारच्या मशीनवर तीच होती, म्हणून साक्षीदाराची सही तिची हवी.

तिला इंग्रजीचा गंध नव्हता. वाचून दाखवा म्हणाली. एका शब्दावर तिचे कान टवकारले: अ‍ॅक्सिडेंटली. नवऱ्याने जिन्यावरून ढकललं होतं, तेव्हा डॉक्टरच्या कागदावर दिराने हाच शब्द लिहवून घेतला होता. चुकून, कुणाचा दोष नसताना, असा अर्थ नर्सने सांगितला. तिने मुकाट सही केली. वर्षाच्या आत पुन्हा ‘चुकून’ पडली, हात मोडला.

प्रेसला बटणं दोन. दोन्ही हातांनी दाबली तरच ते खाली येतं, म्हणजे हात साच्याबाहेरच राहतात. महिन्यापूर्वी फोरमनने डावं बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून टाकलं. एका हाताने पत्रा सरकवा, दुसऱ्याने दाबा, माल दुप्पट. भाऊ कुरकुरला तर म्हणाला, बायकोला घाबर, मशीनला काय घाबरतोस.

“पट्टीचं लिहिलंय?”

“पट्टीचा काय संबंध, ताई? त्याचंच लक्ष नव्हतं. हा असा हात घातला,” म्हणत त्याने आपला डावा हात साच्यात घालून दाखवला. स्वतः लावलेली पट्टी विसरला शहाणा.

वीस वर्षं पत्रे उचललेल्या हाताने तिने त्याचं मनगट तिथेच आवळलं. दुसरा तळवा उजव्या बटणावर टेकवला.

त्याने तिच्या पोटात गुडघा हाणला. ती कळवळली, पण मनगट सुटलं नाही.

“अजून एक मारा. तोल गेला तर हात बटणावर पडेल. अ‍ॅक्सिडेंटली.”

फोरमनने आजूबाजूला पाहिलं. कामगार जागचे हलले नाहीत. त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला.

“उजवा हात मोकळा आहे तुमचा. तो शब्द खोडा. पट्टी कुणी लावली ते लिहा, मला वाचता येईल असं.”

मशीनच्या अंगावर कागद टेकवून त्याने वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: पट्टी मी लावली. खाली सही. तिने अक्षर न् अक्षर वाचलं, मग मनगट सोडलं. त्याने हात बाहेर ओढला, आणि तिने बटण दाबलं. प्रेस रिकाम्या साच्यावर धाडकन आदळलं. फोरमन मटकन खाली बसला.

तिने आपली सही केली, बटणावरची पट्टी ओरबाडली आणि सहीशेजारी कागदावरच चिकटवून टाकली.