मोडकं म्हणून मागवलेलं

परदेशी टपालाच्या कचेरीत कारकून बाईंनी खोक्यावरच्या चिकटपट्टीत सुरीचं टोक खुपसलं आणि सर्रकन ओढलं, तेव्हा काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या त्याने उगाचच पोट आत घेतलं.

"काय आहे आत?"

विचारायची तशी गरज नव्हती. खोक्यावरच्या चिठ्ठीत सगळं लिहिलेलं होतं.

"शिलाई मशीन आहे. म्हणजे, एवढंसं." त्याने तळहात दाखवला. "मोडकं आहे. सुट्या भागांसाठी मागवलंय."

हे वाक्य त्याने बसमध्ये पाठ केलं होतं, आणि पाठ केलेलं वाक्य जसं बाहेर पडतं तसंच ते पडलं. बाईंनी मान वर केली नाही. त्यांच्या कोपरापाशी चहाचा कप होता आणि चहावर साय धरली होती. दिवसभर लोकांची खोकी फोडून, लोकांचं खरंखोटं ऐकून त्यांचे कान किटलेले असणार. त्याच्या आधीचा माणूस मासेमारीच्या गळाच्या चाकासाठी भांडून गेला होता. "अजून एक मासा लागला नाही, आणि कर आधी?" असं तो ओरडत होता, आणि बाकावर बसलेले सगळे, ज्यांची स्वतःचीही तीच गत होणार होती, ते हसले होते.

याला हसू आलं नव्हतं. त्याची भीती वेगळीच होती. बाई मशीन बाहेर काढतील, सहज म्हणून हँडल फिरवतील, आणि सुई वरखाली नाचायला लागेल. मग मोडकं कशाला म्हणायचं?

तो दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायचा. एका अरुंद लॅबमध्ये, परक्या माणसांच्या जबड्यांच्या साच्यांसमोर त्याची बावीस वर्षं गेली होती. ज्यांचे दात त्याने केले ते लोक त्याने कधी पाहिले नव्हते. कुणी हसतंय, कुणी चावतंय, हे सगळं त्याच्या पाठीमागे. त्यातून त्याला एक नाद लागला होता: बोटभर, तळहाताएवढी, पण खरोखर चालणारी यंत्रं जमवायचा. घरातल्या काचेच्या कपाटात एक गिरणी होती, एक लेथ होतं, आणि पितळेचा एक पंप होता. पंप परदेशातून आला होता आणि त्याच्यावर आयातकर, हाताळणीचे पैसे, हा लवकर सोडवायला गेला नाही म्हणून गोदामाचं भाडं, असं सगळं चढत चढत पंपाच्या किमतीला टेकलं होतं. बायकोने तो पंप हातात घेऊन, उलटसुलट करून पाहिला होता.

"एवढ्यात खराखुरा पंप आला असता," ती म्हणाली होती. "वरच्या टाकीत पाणी तरी चढलं असतं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती दमलेल्या आवाजात म्हणाली आणि भांडी घासायला गेली. बाहेरून आता काही मागवणार नाही, असं त्याने तिला आपणहून सांगून टाकलं, आणि ते पाळलंही. आईचं मशीन घरातून जाईपर्यंत.

आईने जन्मभर लोकांचे कपडे शिवले. हाताने फिरवायचं काळं मशीन, त्यावरची सोनेरी नक्षी घासून पुसट झालेली. वय झालं, माणसं विसरायला लागली, तरी मशीनवर बसली की हात बरोबर चालायचे. मग एक दिवस तिने सुईखाली बोट दिलं. डॉक्टरांनी टाके घातले आणि सांगितलं की मशीन घरात नको. आई झोपलेली असताना दोघांनी ते उचलून देऊन टाकलं. उठल्यावर तिने काही विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून तिचा उजवा हात हवेत गोल फिरायला लागला. जेवताना, बसल्याजागी, झोपेतसुद्धा. आणि त्याच दिवसांत कधीतरी तिने मुलाला ओळखणं सोडून दिलं.

ती आता त्याला गिऱ्हाईक समजत होती. संध्याकाळी तो लॅबमधून आला की पदर सावरून म्हणायची, "साहेब, तुमचे कपडे शुक्रवारी मिळतील हं. थोडं राहिलंय."

"घाई नाही," तो म्हणायचा.

रोज शुक्रवारचा वायदा, रोज घाई नाही. सुरुवातीला त्याने "अगं आई, मी आहे" असं करून पाहिलं होतं. ती घाबरायची. नंतर त्याने तो नाद सोडला. पण बायको रात्री दिवा मालवताना म्हणायची, "आज दिवसभर हात थांबला नाही त्यांचा. खांदा सुजलाय." ते ऐकत तो छताकडे बघत पडायचा.

हाताला फिरवायला काहीतरी हवं, सुईची भीती नसलेलं. तेवढंच त्याने ठरवलं होतं. त्यापलीकडची एक आशा होती, ती त्याने बायकोलासुद्धा बोलून दाखवली नाही. मशीन ओळखलं, तर मशीनजवळ बसलेलं पोरही ओळखेल.

परदेशात एक म्हातारा कारागीर अशी मशिनं मागणीप्रमाणे करून द्यायचा. दोघांनाही धड न येणाऱ्या तिसऱ्याच भाषेत त्यांचे निरोप चालत. याने आईच्या मशीनचा जुना फोटो पाठवला. फोटोत हँडलला मधोमध तार गुंडाळलेली दिसत होती. लहानपणी, घरात सगळे त्याला बारक्या म्हणायचे तेव्हा, तो त्या हँडलला लोंबकळला होता आणि ते तुटलं होतं. वडिलांनी तारेने सांधून दिलं, ते तसंच राहिलं. आता तो कुठूनही बारका उरला नव्हता, तरी ती तार बघून त्याला अजून ओशाळायला व्हायचं. 'सुई बोथट ठेवा आणि तार वगळा,' त्याने मुद्दाम कळवलं.

मशीन तयार झाल्यावर कराचा प्रश्न आला. त्याच्यासारख्या छांदिष्टांचा एक गट होता, तिथे सगळ्यांनी एकच सल्ला दिला. पाठवणाऱ्याला 'मोडकं, सुट्या भागांसाठी' असं लिहायला सांग, म्हणजे कर लागत नाही. सगळे तेच करतात. याने तसं म्हाताऱ्याला कळवलं. उत्तर यायला बरेच दिवस लागले.

'मी खोटं लिहीत नाही.'

याने परत विनवलं. आईचं सांगितलं, बायकोचं सांगितलं, पंपाचंही सांगितलं. शेवटी म्हाताऱ्याचं उत्तर आलं. 'ठीक आहे. तुमचं काम होईल.'

म्हाताऱ्याने आधी थोडा ताठा दाखवला आणि मग वाकला, असा त्याने अर्थ लावला. जगात दुसरं काय होतं?

बाईंनी कागदाचे बोळे बाजूला करून मशीन बाहेर काढलं आणि काउंटरवर ठेवलं. काळंभोर, सोनेरी नक्षीचं, तळहाताएवढं. क्षणभर त्याला आईच्या खोलीतला मशीनच्या तेलाचा वाससुद्धा आला. मग बाईंनी खोक्यात परत हात घातला आणि एक छोटी पुडी काढली. पुडीत हँडलचा तुटका अर्धा भाग होता.

"मोडलंय की हो," बाई म्हणाल्या.

त्याच्या तोंडून काहीतरी निघणार होतं. त्याने दोन्ही हातांनी काउंटरची कड धरली.

"हो," तो म्हणाला. "मोडलेलंच आहे."

बाईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "हे बघा, वाटेत मोडलं असेल तर तसं सांगा. तक्रार लिहून देता येते. भरपाई मिळते, उशिरा का होईना."

"नाही नाही. आधीपासूनच तसं आहे."

"इतकं सुंदर काम. आणि मोडकं मागवलंत?"

"छंद आहे," तो म्हणाला.

"माझे मिस्टर तिकिटं जमवतात," बाई म्हणाल्या. त्यांनी मशीन पुन्हा कागदात गुंडाळलं, त्यांच्या कामाला लागत नाही इतक्या हळुवारपणे. "यावर कर काय लावू मी? हाताळणीचे तेवढे भरा आणि न्या."

बाहेर पायऱ्यांवर बसून त्याने पुडी उघडली. तुटलेल्या जागी निम्म्यापर्यंत करवतीची सरळ, स्वच्छ रेघ होती. पुढचं हाताने मोडलेलं होतं. अशी रेघ घाईत पडत नाही. चष्मा लावून, मशीन घट्ट धरून, जागा निवडून कापलेलं होतं ते. नेमकी तीच जागा, फोटोत तार होती ती. म्हाताऱ्याने चिठ्ठीवर एक अक्षरही खोटं लिहिलं नव्हतं. खरं लिहिता यावं म्हणून त्याने स्वतःच्या हाताने केलेलं काम स्वतःच्या हाताने मोडलं होतं.

त्याला म्हाताऱ्याचा राग आला. मग कुणाचाच येईना, नुसता शीण आला. त्याने पुडी परत खोक्यात ठेवली. लोक खोकी घेऊन पायऱ्या उतरत होते, काही रिकाम्या हातांनी.

घरी बायकोने मशीन पाहिलं, पुडी पाहिली. कर किती पडला ते तिने विचारलं नाही.

"दात जोडतोस ना लोकांचे?" ती म्हणाली. "मग हे जोड."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, जबड्यांचे साचे बाजूला सारून त्याने हँडल चिमट्यात धरलं. डिंकाने चालणार नव्हतं, आईच्या हातात जोर होता. धातू वितळवून डाख द्यावा तर शेजारचा रंग जळला असता. शेवटी कवळीला आकडे करायची बारीक पोलादी तार त्याने घेतली आणि सांध्यावर वेढ्याला वेढा लावून गुंडाळत गेला. पक्कड ठेवल्यावर त्याचं लक्ष गेलं. मुद्दाम वगळायला लावलेली तार त्याने स्वतःच गुंडाळली होती.

त्याने हँडल फिरवलं. सुई वरखाली झाली, पण तारेपाशी किंचित कुरकुरत.

संध्याकाळी आई खिडकीशी बसली होती. हात हवेत फिरत होता.

"साहेब, शुक्रवारी..."

"घाई नाही," तो म्हणाला आणि मशीन तिच्या मांडीवर ठेवलं.

दारात बायको हात पुसत उभी राहिली. आईने मशीनकडे पाहिलं नाही. हात फिरतच राहिला. त्याने तिची दोन बोटं धरून हँडलवर ठेवली, तर तिने ती काढून घेतली, परक्या पुरुषाने हात धरल्यावर काढून घ्यावीत तशी. झालं, त्याला वाटलं. एवढा खटाटोप, आणि हे. तो मशीन उचलायला वाकला.

तेवढ्यात आईचा अंगठा तारेला लागला. थांबला. तारेवरून एकदा पुढे गेला, मागे आला. मग तिने दोन बोटांत हँडल धरलं आणि फिरवलं. कुर्र झालं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"कुणी मोडलं हे?"

तो गुडघ्यांवर बसला होता. म्हातारा, बाई, चिठ्ठी, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

"मी मोडलं," तो म्हणाला.

"वाटलंच मला." आईने त्याच्याकडे वळून पाहिलं, वरपासून खालपर्यंत, चिडून. "परत लोंबकळलास ना, बारक्या? किती वेळा सांगायचं? लागलं का कुठे?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

"बरं, रडू नकोस आता. बाबांना मी सांगते. कुरकुरतंय ऐक, तेल घालायला हवं. जा, तेल आण."

ती पुन्हा हँडल फिरवायला लागली. सुई वरखाली होत होती. तो जागचा हलला नाही. दारातल्या बायकोकडे त्याने मान वळवूनही पाहिलं नाही, आईच्या चेहऱ्यावरची नजर काढायची त्याची तयारी नव्हती.

"तेवढं तेल तू आण ना," तो हळूच म्हणाला. "मी इथून उठत नाही."