स्वागताच्या अक्षरांतला धोका

सुंदर अक्षरापुढे साम्राज्येही झुकतात, असे मुझफ्फर परकारांचे ठाम मत होते. १९९०च्या ऑगस्टात परकी फौज कुवेतमधल्या राई भागातल्या त्यांच्या छापखान्यात शिरली, तेव्हा ती झुकली खरी. पण छपाईचे ट्रेडल मशीन उचलण्यासाठी.

त्याआधी मुझफ्फरभाईंनी शिशाच्या खिळ्यांचा एकच टाईप वाचवला होता. ठळक, उभा, उपयोगाचा टाईप सोडून त्यांनी लग्नपत्रिकांचा तिरका इंग्रजी टाईप बादलीत ओतला आणि रिग्गई भागातल्या आपल्या घरी आणला. दारात यजमानाने किंचित वाकून उभे राहावे तसे त्याचे प्रत्येक अक्षर. केसाएवढ्या बारीक रेषा, मोठ्या अक्षरांना झोकदार शेपट्या, टोकाला नुकतीच टाकाची निब उचलल्यासारखी नाजूक पावले. त्यांच्या पत्नी हफिजाबींनी बादलीवर धुण्याचे कपडे टाकले. झडतीवाल्या शिपायांनी मळक्या पायजम्यांना हात लावला नाही.

मार्चमध्ये, कुवेत फौजेच्या ताब्यातून सुटल्यावर, शेजारचे डॉक्टर उदय सबनीस आले. दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत न फुटलेले तोफगोळे पडले होते. ते उचलणारी माणसे कधी येतील याचा पत्ता नव्हता, आणि पोरे तिथेच खेळत. ‘धोका, आत जाऊ नका’ असे इंग्रजीत छापून हवे होते. मुझफ्फरभाईंनी बादलीतली लागतील तेवढी अक्षरे जुळवली आणि घरी पडून असलेल्या हातदाबाच्या जुन्या प्रेसवर कागद काढले. भोवती वेलबुट्टीही घातली. सवय.

ते कागद तारेच्या कुंपणामागे लावायला गेलेले डॉक्टर दुपारी परतले ते लालबुंद होऊन. एका हातात कागद, दुसऱ्यात मुलगी रसिका. ती तारेखालून आत शिरून कागद काढून घेऊन आली होती आणि वर विचारत होती, ‘‘बाबा, हूज वेडिंग?’’

डॉक्टरांनी अक्षराला नटवे म्हटले, शेपटीवाले म्हटले. मुझफ्फरभाईंचा तोल गेला.

‘‘डॉक्टर, मला बोला, माझ्या अक्षराला नाय. या अक्षरात छापलेलं वाचून आजवर एक माणूस मागे फिरलेला नाय!’’

बोलून झाल्यावर आपलेच शब्द त्यांना ऐकू आले.

रसिकाच्या गुडघ्याला तिथली माती लागली होती. ती पाहून मुझफ्फरभाईंना राग आला. फौजेचा राग होता, ठळक टाईप नेणाऱ्यांचा होता, तो टाकून येणाऱ्या गाढवाचा सगळ्यात जास्त होता. त्यांनी घराच्या दारावर लावलेली छापखान्याची पाटी खाली ओढली. पुढून ती त्याच तिरक्या अक्षरांत रंगवलेली होती. तिच्या पाठीवर त्यांनी डांबरात फडके बुडवून दात-ओठ खात ‘डेंजर’ लिहिले, इंग्रजीत नि अरबीत. दोन्ही इतकी भेसूर, की पाटी रोवताच पोरे आपणहून रस्त्यापलीकडे गेली. रसिका बापाच्या मागे लपली.

घरी येऊन डांबराच्या हातांनीच त्यांनी हफिजाबींना सुनवायला सुरुवात केली. देखणेपण म्हणजे काय, जगाने त्याची काय दशा केली, आपण आयुष्यभर नुसते लोकांना आत बोलावत राहिलो, वगैरे.

हफिजाबींनी ऐकून घेतले.

‘‘खाली पाण्याचा टँकर आलाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तेवढी बादली रिकामी करून द्या.’’